स्थलांतरित मुले, शासकीय पाळत व विधिमंडळीय नियंत्रण

उपजीविकेसाठी वर्षातील काही महिने मूळ गाव सोडून अन्यत्र राहणाऱ्या कुटुंबांतील अठरा वर्षांखालील मुलामुलींना हंगामी स्थलांतरित मुले म्हणतात. त्यांचे शिक्षण, पोषण व संरक्षण यांची जबाबदारी कायद्याने शासनावर आहे. ती पार पाडण्यासाठी शासनाला त्यांची नोंद ठेवावी लागते. मात्र नोंदीची साधने जसजशी सूक्ष्म होत जातात, तसतशी नोंद व पाळत यांतील सीमारेषा पुसट होते. शासन या मुलांना कसे वागविते आणि त्यांच्याविषयी जमविलेल्या माहितीचा उपयोग कोणत्या हेतूने करते, यांवर लोकप्रतिनिधींच्या सभागृहाने ठेवावयाच्या लक्षास विधिमंडळीय नियंत्रण ही संज्ञा आहे. प्रस्तुत नोंदीत या विषयाचा विचार मुख्यतः सातारा व सांगली जिल्ह्यांत येणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या संदर्भात केला आहे.

प्रदेश व स्थलांतर : जुन्या सातारा जिल्ह्याचे १९४९ मध्ये उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे विभाजन झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. प्रशासकीय विभागणी झाली, तरी दोन्ही जिल्ह्यांची भूरचना सलग आहे. पश्चिमेस सह्याद्रीचा पावसाळी पट्टा, मध्यभागी कृष्णा, कोयना, वारणा व येरळा या नद्यांची सुपीक खोरी आणि पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ, जत हे अवर्षणप्रवण तालुके असा तिचा क्रम आहे. स्वातंत्र्योत्तर काळात नदीखोऱ्यांत सहकारी साखर कारखानदारी वाढली. सातारा जिल्ह्यातील रेठरे बुद्रुक येथील कृष्णा, कराडनजीकचा सह्याद्री व भुईंज येथील किसन वीर आणि सांगली जिल्ह्यातील सांगली येथील वसंतदादा पाटील, साखराळे येथील राजारामबापू पाटील, वाळवा येथील हुतात्मा किसन अहीर हे कारखाने या वाढीचे द्योतक होत. ताकारी, टेंभू व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांमुळे पुढे पूर्वेकडील काही कोरडवाहू भागांतही ऊस पोहोचला.

ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल या गाळप हंगामात ऊसतोडणीसाठी बाहेरून मजूर आणावे लागतात. ते मुख्यतः बीड जिल्ह्यातून आणि त्याखेरीज मराठवाड्यातील अन्य जिल्हे, अहिल्यानगर, सोलापूर व सीमेपलीकडील कर्नाटक येथून येतात. याच दोन जिल्ह्यांतील जत, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांतील कुटुंबेही तोडणीस जातात. खानापूर-आटपाडी भागातील सोने-चांदी गलाईचा व्यवसाय करणारी कुटुंबे तर देशभर विखुरलेली आहेत. त्यामुळे हा प्रदेश एकाच वेळी स्थलांतरितांना सामावून घेणारा व स्वतःची माणसे बाहेर पाठविणारा असा दुहेरी आहे.

तोडणीतील एककास कोयता म्हणतात. एक कोयता म्हणजे सामान्यतः पतिपत्नीची जोडी होय. मुकादम हंगामापूर्वी कोयत्यास आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. ही उचल तोडणीच्या मजुरीतून फेडावयाची असते. उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो व तोडलेल्या उसाचे वजन कारखान्याच्या पावतीवर येते. कोणते कुटुंब कोठे व केव्हा गेले याची सर्वांत नेमकी माहिती या दोन कागदांत सापडते, परंतु मुलांची नोंद त्यांपैकी कशातही नसते.

मुलांची स्थिती : तोडणी कुटुंबे कारखान्याच्या आसपास किंवा शेतांच्या कडेला अड्डे करून राहतात. उसाचे पाचट, बांबू व ताडपत्री यांची कोपी हे त्यांचे घर असते. आईवडील पहाटेपूर्वीच फडात जातात आणि वाहन भरण्याचे काम पुष्कळदा रात्री उशिरापर्यंत चालते. मागे राहिलेल्या धाकट्या भावंडांना सांभाळणे, पाणी आणणे व स्वयंपाक करणे ही कामे प्रायः मोठ्या मुलीकडे येतात. वाढे गोळा करणे, मोळ्या बांधणे व बैलांना चारापाणी करणे यांत मुलगे गुंतून जातात. यांपैकी बहुतेक कामे ‘घरकाम’ समजली जातात व बालमजुरीच्या नोंदीत येत नाहीत. बालकामगार अधिनियमात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी केली. मात्र शाळेच्या वेळेनंतर व सुटीत कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या कामात मदत करण्यास मुभा ठेवली. तोडणीच्या अड्ड्यावर मदत व मजुरी यांतील भेद करणे अवघड असते.

मुलाचे शिक्षण त्याचे कुटुंब कोणत्या प्रकारच्या टोळीत आहे यावरही अवलंबून असते. टायरगाडीने (रबरी चाकांच्या बैलगाडीने) वाहतूक करणाऱ्यांचे अड्डे कारखान्याजवळ हंगामभर एका जागी राहतात. ट्रक वा ट्रॅक्टर टोळ्या मात्र ऊस जेथे तोडीस येईल त्या गावी सरकत जातात. पहिल्या प्रकारातील मुलास एका शाळेत बसविणे शक्य असते. दुसऱ्या प्रकारातील मूल एका हंगामातच अनेक शाळांच्या हद्दी ओलांडते.

शालेय वर्ष जूनमध्ये सुरू होते. त्यामुळे पहिले सत्र गावी व दुसरे अड्ड्यावर अशी या मुलांच्या वर्षाची विभागणी होते आणि वार्षिक परीक्षा हुकण्याचा संभव असतो. एकविसाव्या शतकाच्या आरंभी औरंगाबाद येथील जनार्थ या संस्थेने कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालविण्याचा प्रयोग केला. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम लागू झाल्यानंतर वेगळ्या शाळेपेक्षा जवळच्या नियमित शाळेत प्रवेश देण्याकडे शासनाचा कल राहिला. कुटुंब गेले तरी मुलाला गावी ठेवता यावे, म्हणून हंगामी वसतिगृहे सुरू करण्यात आली. २०२१ मध्ये शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत प्रत्येकी शंभर विद्यार्थ्यांची ८२ वसतिगृहे उभारण्याची संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर केली. ऊस व श्रम यांवर उभ्या असलेल्या या प्रदेशास वसतिगृहाची कल्पना नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने सर्व जातींच्या गरीब मुलांसाठी वसतिगृह हेच शिक्षणाचे प्रवेशद्वार मानले होते.

पाळतीचा पूर्वेतिहास : फिरत्या लोकांवर शासनाने नजर ठेवण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ च्या कायद्याने सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू करण्याजोगा झाला व १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. या कायद्याखाली अधिसूचित झालेल्या जमातीतील व्यक्तींची नावे नोंदविली जात आणि त्यांच्या बोटांचे ठसे घेतले जात. बोटांच्या ठशांचे कार्यालय कलकत्त्यास १८९७ मध्ये स्थापन झाले होते. त्या काळातील हे अद्ययावत तंत्रज्ञान होय. नोंदलेल्यांना ठराविक वेळी पोलिसांपुढे उपस्थित राहावे लागे. या उपस्थितीस हजेरी म्हणत. पश्चिम महाराष्ट्रात रामोशी, मांग, फासेपारधी इ. जमातींना तिचा जाच सोसावा लागला. सोलापूर, विजापूर, हुबळी इ. ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभारण्यात आल्या.

मुलांसंबंधीची तरतूद विशेष कठोर होती. अठरा वर्षांखालील मुलांना आईवडिलांपासून वेगळे करून औद्योगिक, शेतकी वा सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार प्रांतिक शासनास देण्यात आला होता. मुलांचे कल्याण हे त्याचे घोषित कारण होते. प्रत्यक्षात मूल जन्मतःच संशयित ठरे व त्याची नोंद हा त्याच्या कुटुंबावरील नियंत्रणाचा भाग असे.

प्रांतिक स्वायत्ततेनंतर १९३७ मध्ये मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर आले. विधिमंडळास उत्तरदायी असलेल्या या शासनाने गृहमंत्री क. मा. मुनशी यांच्या अध्यक्षतेखाली गुन्हेगार जमातींच्या कायद्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. तिचा अहवाल १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वातंत्र्यानंतर अय्यंगार समितीच्या (१९४९-५०) शिफारशींनुसार हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ पासून देशभर रद्द झाला व अधिसूचित जमाती विमुक्त ठरल्या. आजच्या तोडणी टोळ्यांत अन्य समाजांबरोबर विमुक्त व भटक्या जमातींतील कुटुंबेही आहेत. त्यामुळे नोंदणीविषयीच्या त्यांच्या संशयास इतिहासाचा आधार आहे.

मराठीत ‘हजेरी’ हा शब्द शाळेतील उपस्थितीसही वापरतात आणि पोलिसांच्या हजेरीसही. पहिली मुलाचा हक्क सिद्ध करते, तर दुसरी त्याच्या कुटुंबाचे स्वातंत्र्य हिरावते. दोहोंत नाव पुकारण्याची कृती एकच असते. फरक पडतो तो नोंदीचा हेतू, तिचा ताबा व तिच्याविषयी जाब विचारण्याचा अधिकार यांमुळे.

कायदेशीर चौकट : ८६ व्या घटनादुरुस्तीने (२००२) सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क अनुच्छेद २१-अ म्हणून मूलभूत झाला. त्यानुसार केलेला २००९ चा शिक्षणहक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या कलम ९ प्रमाणे आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे, त्यांची उपस्थिती व शिक्षणपूर्ती यांवर देखरेख करणे आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश देणे ही स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये आहेत. ‘हद्दीत राहणाऱ्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यांमुळे डिसेंबरमध्ये कराड वा वाळवा तालुक्यात असलेले मूल हे सातारा वा सांगली जिल्हा परिषदेची जबाबदारी ठरते. दाखला नाही म्हणून प्रवेश अडविता येत नाही, असेही हा कायदा सांगतो. त्याखालील राज्य शासनाचे नियम विधिमंडळापुढे ठेवणे बंधनकारक आहे.

कामगार कायद्यांचे संरक्षण मात्र दीर्घकाळ अपुरे राहिले. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरताच होता. बीडहून सांगलीस येणारे कुटुंब दूरवर येऊनही त्याच्या कक्षेत येत नसे. हा कायदा पुढे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता, २०२० हिच्यात विलीन झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली.

माहितीच्या संरक्षणाचा कायदा यानंतर घडला. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणाचा हक्क मूलभूत ठरविला. आधार खटल्याच्या २०१८ च्या निर्णयात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचा करता येणार नाही व आधार नसल्याने कोणत्याही मुलाला लाभ नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने मुलाच्या आधार नोंदणीस पालकाची संमती आवश्यक झाली व अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत आधारमधून बाहेर पडण्याचा पर्याय मिळाला. वैयक्तिक अंकीय माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ याने मुलांच्या माहितीसाठी पालकाची पडताळण्याजोगी संमती आवश्यक केली व मुलांचा माग ठेवण्यास मनाई केली. तथापि शासकीय लाभ व सेवा, तसेच शिक्षणसंस्था यांना यांतून विहित मर्यादेत सूट आहे. या अधिनियमाचे नियम २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचे आहेत. स्थलांतरित मुलांची माहिती मुख्यत्वे शासन व शाळा याच जमवीत असल्याने ही सूट त्यांच्या बाबतीत अधिक महत्त्वाची ठरते.

नोंदीची आधुनिक साधने : शालेय शिक्षण विभागाने २०१५ मध्ये सरल ही संगणकीय प्रणाली सुरू केली. तीत प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतंत्र क्रमांक मिळतो व शाळा बदलताना त्याची नोंद एका शाळेकडून दुसरीकडे पाठविता येते. पुढे ती आधारशी जोडण्यात आली. २०२२-२३ च्या सुमारास शिक्षकांची पदे निश्चित करणारी संचमान्यता आधार-वैध विद्यार्थिसंख्येवर आधारण्यात आली. हंगामी स्थलांतरितांसाठी शिक्षण हमी पत्रक वापरात आले. मूल जाताना मूळ शाळा ते देते, यजमान शाळा त्यावर मुलाची प्रगती नोंदविते आणि परतल्यावर मूल त्याच्या आधारे आपल्या वर्गात बसते. शाळाबाह्य मुलांना शोधून शाळेत आणण्यासाठी बालरक्षक ही योजनाही राबविण्यात आली.

पोषणाच्या क्षेत्रात केंद्र शासनाने २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर ही प्रणाली आणली. महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागाने गरोदर व स्तनदा माता आणि मुले यांच्यासाठी स्थलांतराचा मागोवा घेणारी संगणकीय व्यवस्था २०२२ मध्ये राज्यभर नेण्याचे जाहीर केले. कुटुंब ज्या गावी जाईल तेथील अंगणवाडीत त्यास सेवा मिळावी, हा तिचा हेतू होय. अंगणवाडीतून घरी न्यावयाचा आहार देताना चेहरा ओळखण्याची अंकीय पडताळणी जुलै २०२५ पासून अनिवार्य झाली. बदलापूर येथील घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने राज्यातील शाळांत सीसीटीव्ही कॅमेरे बसविणे बंधनकारक केले.

या साधनांचा उद्देश कल्याणाचा असला, तरी त्यांचे परिणाम मिश्र आहेत. पोषण आहार, गणवेश व शिक्षकांची पदे ही सर्व पटसंख्येशी निगडित असल्याने मूळ शाळेस मुलाचे नाव पटावरून कमी करणे परवडत नाही. परिणामी जानेवारीत मूल कृष्णाकाठच्या अड्ड्यावर असते, तर त्याचे नाव मराठवाड्यातील शाळेच्या पटावर असते. यजमान शाळेत ते बसले, तरी त्याचा आहार व पाठ्यपुस्तके यांची तरतूद अन्यत्र झालेली असते. जन्मनोंद, आधार व शालेय नोंद यांतील नाव वा जन्मतारीख जुळत नसल्यास त्याची गणनाच अडते. श्रमाने झिजलेले बोटांचे ठसे, एकाच दूरध्वनीवर चालणारे कुटुंब व मार्च-एप्रिलमधील परतीचा प्रवास यांमुळे वारंवार करावयाची पडताळणी स्थिर घरातील मुलापेक्षा फिरत्या मुलास अधिक अवघड जाते.

मोजणीचा काळही निर्णायक असतो. शाळाबाह्य मुलांची राज्यव्यापी पाहणी ४ जुलै २०१५ रोजी एका दिवसात करण्यात आली. जुलैमध्ये तोडणी कुटुंबे आपापल्या गावी असतात व मुले वर्गात असतात. ज्यांची अनुपस्थिती नोव्हेंबरमध्ये सुरू होते त्यांना अशी पाहणी पाहू शकत नाही. याउलट एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत अडकलेल्या ऊसतोड कामगारांना गावी परतण्यास शासनाने परवानगी दिली, तेव्हा कारखान्यांनी कामगार व त्यांच्या कुटुंबांच्या याद्या करून तपासणी करावयाची होती. आवश्यकता पडल्यास अड्ड्यांवरील माणसांची यादी होऊ शकते, हे त्यावरून दिसते.

विधिमंडळाची साधने : महाराष्ट्र विधिमंडळ विधानसभा (२८८ सदस्य) व विधानपरिषद (७८ सदस्य) मिळून बनते. तारांकित व अतारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा व अर्थसंकल्पी मागण्यांवरील कपात सूचना ही सभागृहातील साधने होत. सभागृहाबाहेर समित्यांचे काम चालते. लोकलेखा समिती नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या अहवालांची छाननी करते. पंचायती राज समिती जिल्हा परिषदांचा कारभार तपासते. मंत्र्यांनी दिलेली वचने पूर्ण झाली की नाही ते आश्वासन समिती पाहते. महिला व बालकांचे हक्क व कल्याण समिती आणि विमुक्त जाती व भटक्या जमाती कल्याण समिती यांचाही या विषयाशी थेट संबंध येतो.

प्रश्नाने काय साधते याचे उदाहरण २०१९ चे आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय त्या वर्षी जूनमध्ये विधानपरिषदेत उपस्थित झाला. परिणामी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींवर अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. ही आकडेवारी त्यापूर्वी कोणत्याही विभागाने एकत्र केलेली नव्हती. सभागृहात विचारणा झाल्यामुळेच ती निर्माण झाली. पुढे गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ कार्यान्वित करून कामगारांची नोंदणी व ओळखपत्रे यांचे काम हाती घेण्यात आले. ऊसतोड कामगारांच्या स्थितीची मुंबई उच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली.

नियंत्रणाच्या मर्यादा : पहिली मर्यादा प्रतिनिधित्वाची आहे. तोडणी कुटुंबाचे मत मूळ गावी असते आणि वर्षातील पाच-सहा महिने ते ज्या मतदारसंघात राहते तेथील आमदार त्याचा प्रतिनिधी नसतो. मूळ मतदारसंघाच्या आमदारास अड्ड्यावरील स्थिती दिसत नाही, तर यजमान मतदारसंघाच्या आमदारास तिच्याविषयी विचारणारा मतदार नसतो. शिवाय अनेक ठिकाणी कारखाना व राजकीय नेतृत्व यांचे निकटचे संबंध असतात. २०१९ व २०२४ च्या विधानसभा निवडणुका अनुक्रमे ऑक्टोबर व नोव्हेंबरमध्ये, म्हणजे स्थलांतराच्या तोंडावर झाल्या. मुलांना तर मताधिकारच नाही. सभागृहाचे लक्ष हाच त्यांचा आधार, परंतु ते लक्ष वेधणारा मतदारसंघ त्यांना नाही.

दुसरी मर्यादा उत्तराच्या स्वरूपाची. सदस्याचा प्रश्न ‘हे खरे आहे काय’ असा असतो व उत्तर ‘हे खरे नाही’, ‘हे अंशतः खरे आहे’ अशा ठराविक शब्दांत येते. विभाग आपल्या नोंदीवरून उत्तर देतो. नोंदीत मूल पटावर असल्यास ते शाळाबाह्य असल्याचे नाकारणारे उत्तर नोंदीनुसार बिनचूक व वस्तुस्थितीनुसार चुकीचे ठरते. यामुळे नोंदप्रणालीची तपासणी हाच नियंत्रणाचा गाभा बनतो.

तिसरी मर्यादा जबाबदारीच्या विभागणीची. शाळा शालेय शिक्षण विभागाकडे, अंगणवाडी महिला व बालविकासाकडे, जिल्हा परिषद ग्रामविकासाकडे, महामंडळ सामाजिक न्यायाकडे, मजुरी कामगार विभागाकडे आणि गाळप परवाना पुणे येथील साखर आयुक्तांकडे अशी रचना आहे. यजमान कारखान्यावर प्रभावी ठरणारे साधन म्हणजे गाळप परवाना. तो सहकार विभागाकडे असतो आणि मुलांचा विषय अन्यत्र असतो. कर्नाटकातून आलेल्या कन्नडभाषक मुलांच्या बाबतीत तर दोन राज्यांच्या विधिमंडळांपैकी कोणतेही पूर्ण चित्र पाहत नाही.

चौथी मर्यादा सर्वांत कमी चर्चिली जाते. शिक्षणहक्काचे नियम विधिमंडळापुढे ठेवावे लागतात, परंतु सरलसारख्या प्रणाली प्रामुख्याने शासन निर्णय व परिपत्रके यांच्या आधारे चालतात आणि शासन निर्णय सभागृहापुढे ठेवण्याचे तसे बंधन नाही. कोणती माहिती घ्यावी, ती किती काळ ठेवावी, कोणत्या अन्य विभागास द्यावी व चूक झाल्यास दाद कोठे मागावी, हे प्रश्न त्यामुळे कार्यकारी पातळीवरच ठरतात. कल्याणासाठी घेतलेली चेहऱ्याची वा ठिकाणाची माहिती पुढे पोलीस तपास किंवा उचलीची वसुली यांसाठी वापरली जाऊ नये, याची हमी परिपत्रकापेक्षा कायद्याने अधिक भक्कमपणे देता येते.

अन्य देशांतील अनुभव : बालहक्कांविषयीच्या १९८९ च्या संयुक्त राष्ट्रसंघीय करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला. मुलाचे हित हा प्रथम विचार असावा, हे त्याचे सूत्र आहे. ब्रिटनमधून ऑस्ट्रेलिया व अन्य देशांत पाठविलेल्या मुलांच्या स्थितीची चौकशी ब्रिटिश संसदेच्या आरोग्यविषयक समितीने १९९८ मध्ये केली आणि पंतप्रधानांनी २०१० मध्ये संसदेत क्षमायाचना केली. तोपर्यंत ती मुले वृद्ध झाली होती. अमेरिकेत २०१८ मध्ये दक्षिण सीमेवर स्थलांतरित मुलांना पालकांपासून वेगळे करण्यात आले, तेव्हा ताब्यात घेण्याची यंत्रणा सज्ज होती, परंतु कोणते मूल कोणत्या पालकाचे याचा मेळ घालणारी नोंद अपुरी असल्याचे अंतर्गत महानिरीक्षकांच्या चौकशीत व काँग्रेसच्या सुनावण्यांत उघड झाले. यूरोपीय संघाच्या युरोडॅक प्रणालीत स्थलांतरितांचे बोटांचे ठसे घेण्याची वयोमर्यादा चौदा वर्षे होती. २०२४ च्या नियमाने ती सहा वर्षांवर आली. हा बदल यूरोपीय संसदेच्या संमतीने झाला असल्याने त्याची बाजू व विरोध दोन्ही जाहीर नोंदीत राहिले.

मूल्यमापन : या सर्व उदाहरणांवरून असे दिसते, की तंत्रज्ञान मुलाला शोधू शकते, परंतु शोधून काय करावयाचे हे ते ठरवीत नाही. सातारा-सांगलीच्या संदर्भात काही सुधारणा सध्याच्या चौकटीतही शक्य आहेत. मुलांची मोजणी डिसेंबर-जानेवारीत अड्ड्यांवर व मूळ गावी एकाच वेळी करणे, आहार व पुस्तकांची तरतूद मुलाबरोबर यजमान शाळेकडे वळविणे, अड्ड्यांवरील मुलांच्या शाळा व पाळणाघर यांची व्यवस्था गाळप परवान्याच्या अटींत आणणे आणि मुलांविषयीच्या माहितीप्रणालींचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवणे या त्यांपैकी प्रमुख होत. विधिमंडळाचे नागपूर येथील हिवाळी अधिवेशन डिसेंबरमध्ये व अर्थसंकल्पी अधिवेशन सामान्यतः फेब्रुवारी-मार्चमध्ये भरते. दोन्ही अधिवेशने गाळप हंगामातच येतात. त्यामुळे समित्यांच्या सदस्यांना ही मुले अड्ड्यावर असतानाच पाहता येतात व त्याच अधिवेशनात शासनास उत्तर मागता येते.

विमुक्त जमातींच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीस हजेरीपासून सुटका हवी होती, तर आजच्या तोडणी कामगाराच्या मुलास शाळेच्या हजेरीत आपले नाव हवे आहे. दुसरी हजेरी पहिलीत परिवर्तित होऊ नये, यासाठी नोंद ठेवणाऱ्यास जाब विचारणारे सभागृह आवश्यक असते.